गॅलरीतलं एचेव्हेरिया: पहिल्या वर्षाची उस्तवार

माझं पहिलं एचेव्हेरिया पाण्यानं मेलं, आणि तेही देवाच्या पाण्यानं. कोल्हापूरच्या राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर आमची पूर्वेची गॅलरी आहे. तिथं तुळस. सासूबाई रोज पूजा झाली की तांब्यातलं पाणी तुळशीला घालतात आणि तळाशी उरलेलं घोटभर शेजारच्या कुंडीत ओततात. शेजारच्या कुंडीत मी हौसेनं आणलेलं, राखाडी-निळ्या पानांचं, कमळासारखं उमललेलं झाड होतं. जूनमध्ये आणलं. आषाढात खालची पानं ओल्या काचेसारखी पारदर्शक व्हायला लागली. नागपंचमीच्या आधी एकदा नुसतं बोट लावलं, तर अख्खं कमळ देठापासून सुटून हातात आलं. देठाच्या जागी काळा चिखल आणि कुजका वास. सासूबाई हळहळल्या, "अगं, रोज न चुकता पाणी घालत होते की मी!"

आता गॅलरीत अशा वीसेक कुंड्या आहेत. मधल्या काळात बरीच मेली, आणि जवळजवळ सगळी जून ते सप्टेंबरमध्ये. एप्रिलच्या उन्हाला आपण उगाच घाबरतो. कोल्हापुरात हे झाड मरतं ते पावसाळ्यातल्या मायेनं. म्हणून खालचं सगळं मी "झाड दसऱ्यापर्यंत कसं न्यायचं" हे डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. एकदा दसरा गाठला की पुढचे चार-पाच महिने ते स्वतःच स्वतःचं बघतं.

आधी त्याचं गाव समजून घ्या

एचेव्हेरिया मूळचं मुख्यतः मेक्सिकोचं. तिथल्या डोंगरांत, कड्यांच्या खाचांत, मूठभर मातीवर वाढणारं. अठराव्या शतकात तिथल्या वनस्पतींची चित्रं काढणाऱ्या अतानासिओ एचेव्हेरिया या चित्रकारावरून १८२८ मध्ये त्याला हे नाव मिळालं. आपल्याकडचं जवळचं नातं म्हणाल तर पानफुटी. दोन्ही एकाच कुळातल्या. लहानपणी वहीत पानफुटीचं पान ठेवून त्याला पिल्लं फुटताना बघितलं असेल, तर या कुळाचा स्वभाव तुम्हाला अर्धा कळलेलाच आहे. कोरफडही गोल फेर धरून वाढते, पण ती वेगळ्या घराण्यातली.

कड्यावरच्या झाडाला पाऊस मिळतो, पण पाणी थांबत नाही. आलं, ओलं झालं, वाहून गेलं. मिळेल तेवढं पाणी ते पानांत साठवतं आणि ते उडून जाऊ नये म्हणून पानांवरची बारीक छिद्रं दिवसा मिटून घेतं. ती उघडतात रात्री, गारव्यात. काटकसर एवढी मुरलेली की पाण्याचा खर्च मुळातच कमी.

आता हे झाड जुलैमधल्या कोल्हापुरात आणून ठेवा. शहरात वर्षाला साधारण १००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हवा ओलीचिंब, आठ-आठ दिवस ऊन नाही, वाळत घातलेली चादर तिसऱ्या दिवशीही दमट. अशा हवेत पानांतून पाणी जवळजवळ उडतच नाही, म्हणजे मुळं नवीन पाणी ओढत नाहीत. एकदा घातलेलं पाणी कुंडीत पंधरा दिवस तसंच बसतं. मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरतात, कुजतात, आणि ती कुज देठातून वर चढते. वरून मात्र झाड टवटवीत दिसतं, कारण पानांत साठा असतो. खालची पानं पारदर्शक होतात तोवर बराच उशीर झालेला असतो.

आपल्या हिवाळ्याशी मात्र त्याचं छान जमतं. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर, रात्री गार, दिवसा लख्ख कोरडं ऊन. डिसेंबरात याच्या पानांच्या कडा गुलाबी होतात, ते बघायलाच मी हे सगळे उपद्व्याप करते.

कधी आणि कुठलं घ्यायचं

दसऱ्यानंतर घ्या. रोपवाटिकेत जूनमध्येही ही झाडं रांगेनं मांडलेली दिसतात आणि पहिल्या पावसात आपला हात सैल सुटतोच, पण तो मोह टाळा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणलं तर पावसाळा यायच्या आत त्याला मुळं धरायला सात-आठ महिने मिळतात. हिवाळ्यातल्या पुष्पप्रदर्शनांत जातीही जास्त बघायला मिळतात.

अगदी पहिलं झाड म्हणून मी एचेव्हेरियाच्या आधी ग्राप्टोपेटॅलम सुचवेन. तेही कमळासारखंच, फिकट राखाडी, जरा लांबट. त्याच्या पूर्ण शास्त्रीय नावात पॅराग्वे असलं तरी तेही मेक्सिकोचंच. दिमाख थोडा कमी, पण चुका पोटात घालणारं. ते एक पावसाळा जगलं की मग एचेव्हेरिया आणा. गॅलरीत ऊनच येत नसेल, नुसता उजेड असेल, तर हावर्थिया घ्या. दक्षिण आफ्रिकेचं हे छोटं झाड कमी उजेडात तग धरतं. त्यातली पांढऱ्या आडव्या पट्ट्यांची झेब्रा जात सगळीकडे मिळते. सेम्परविव्हम नावाचं एक अतिशय देखणं झाड ऑनलाइन दिसतं, ते मागवू नका. ते युरोपातल्या थंड डोंगरांचं आहे, आपला उन्हाळा आणि लगोलग पावसाळा त्याला झेपत नाही. आणि सोनेरी, निळा, चमकी मारलेला रंग दिलेली झाडं तर घेऊच नका. त्या रंगाखाली पानाला श्वास घेणं अवघड होतं.

निवडताना कुंडी हातात घ्या आणि झाड हळूच हलवून बघा. देठ घट्ट असला पाहिजे. पानांच्या बेचक्यात कापसाचे कण दिसले तर खाली ठेवा. पानांवर जी पांढुरकी पूड असते ती धूळ नाही, झाडाचं स्वतःचं मेण आहे, उन्हापासून वाचवणारं. बोट लागलं की ठसा उमटतो आणि त्या पानावर तो कायमचा राहतो. मी पहिल्यांदा ओल्या फडक्यानं पानं पुसून काढली होती. झाड असं दिसायला लागलं की कुणीतरी अर्धवट रंग खरवडलाय.

घरी आणल्यावर पहिला आठवडा

रोपवाटिकेतलं झाड बहुतेक कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, असतं. त्यांना ते सोयीचं, हलकं, स्वस्त. आपल्याला गैरसोयीचं: ओलं झालं की दिवसेंदिवस ओलं, आणि एकदा खडखडीत वाळलं की पाणी आत घेतच नाही, कडेनं वाहून जातं. म्हणून झाड काढा आणि मुळांमधलं कोकोपीट बोटांनी हलकेच मोकळं करून झटका. थोडी मुळं तुटतील, तुटू द्या. काळी, मऊ मुळं कात्रीनं कापा. मग झाड तसंच, मातीशिवाय, सावलीत वर्तमानपत्रावर दोन-तीन दिवस पडू द्या. नवख्या माणसाचा जीव इथं खालीवर होतो. काही होत नाही. जखमा सुकतात आणि ओल्या मातीतली कुज आत शिरत नाही.

मग कोरड्या मिश्रणात लावा आणि आणखी चार-पाच दिवस पाणी घालू नका. पहिलं पाणी त्यानंतर.

माती, म्हणजे खरं तर खडी

माझं प्रमाण: एक भाग चाळलेलं गांडूळ खत, एक भाग बागेतली साधी माती, तीन भाग बारीक खडी किंवा विटांचा चुरा. खडी साधारण ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढी. बांधकामाच्या कचऱ्यातून पिशवीभर मागितली तर कुणी नाही म्हणत नाही. घरी आणून चाळा, धुवा, त्यातली भुकटी जाऊ द्या. ती राहिली तर पाण्याबरोबर सगळं सिमेंटसारखं बसतं. पन्हाळ्याकडच्या जांभ्या दगडाचे बारीक तुकडे मिळाले तर उत्तमच, सच्छिद्र असतात. शिरोळकडची काळी माती मात्र ऊसाला कितीही भारी असली तरी या कुंडीत चिमूटभरसुद्धा नको. आणि शेतातून आलेलं मळीचं खत तुळशी-गुलाबाला द्या. इथं ते घातलं की पानं फोफशी होतात आणि पावसाळ्यात तीच आधी सडतात.

एक खास आपल्या गावची चूक सांगते. आमच्या शेजारच्या दादांची शिरोलीत फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, नोकरी. ते प्रेमानं घमेलंभर वाळू घेऊन आले. काळी, मऊ, बघायला झकास. ती साच्यांसाठी वापरलेली वाळू होती. तिच्यात बेंटोनाइट म्हणजे चिकणमाती आणि कोळशाची पूड मिसळलेली असते, कारण साचा दाबला की त्याचा आकार टिकला पाहिजे. बरोबर तेच कुंडीत झालं. पहिल्या पाण्यानंतर मातीचा लाडू झाला आणि मुळं त्यात बंद.

मिश्रण बरोबर जमलंय का हे बघायला कुंडीत पाणी ओता. वर तळं न साचता पाच-दहा सेकंदांत खालून धार लागली पाहिजे.

कुंडी मातीची, बिनरंगाची, खाली भोक असलेली. झाडाच्या घेरापेक्षा इंचभर मोठी, त्याहून जास्त नाही. मोठ्या कुंडीत जास्त ओल राहते. भोकावर खापरीचा तुकडा ठेवा म्हणजे खडी गळत नाही. तळाशी खडीचा वेगळा थर द्या असं बरेच जण सांगतात. त्याने निचरा सुधारत नाही, उलट ओल थराच्या वर, मुळांजवळ अडून राहते. चिनी मातीचे बिनभोकाचे कप फोटोपुरते ठीक. आणि हो, कुंड्या उन्हाळ्यातच घेऊन ठेवा. गणपतीच्या आधी कुंभार गल्लीत जाऊन एका कुंडीची चौकशी केलीत तर लोक तुमच्याकडे ज्या नजरेनं बघतील ती तुम्हाला आवडणार नाही.

ऊन

सकाळचं चार-पाच तासांचं ऊन सर्वांत चांगलं. पूर्वेची गॅलरी असेल तर प्रश्नच मिटला. पश्चिमेला असेल तर मार्च ते मे दुपारी हिरवी शेडनेट लावा. नवीन झाड एकदम उन्हात ठेवू नका, दहा-पंधरा दिवसांत थोडं थोडं पुढे सरकवा. पान भाजलं की तपकिरी चट्टा पडतो आणि तो पान गळेपर्यंत जात नाही.

टीव्हीशेजारी, शोकेसमध्ये, ऑफिसच्या टेबलावर ही झाडं छान दिसतात आणि तीन महिन्यांत बिघडतात. उजेड कमी पडला की आधी पानं खाली वाकतात, कमळ उघडलेल्या छत्रीसारखं होतं. मग देठ लांबतो आणि पानांमध्ये फट पडत जाते. लांबलेला देठ परत आखूड होत नाही. त्यावर उपाय आहे, शेवटी सांगते.

पाणी कधी

दर आठवड्याला एकदा, रविवारी, असा नियम करू नका. कुंडी उचलून बघा. पाणी घातल्यावर किती जड लागते आणि वाळल्यावर किती हलकी, हे दोन-चार वेळात हाताला कळतं. विश्वास नसेल तर जळून गेलेल्या उदबत्तीची काडी मातीत तळापर्यंत खुपसा आणि दहा मिनिटांनी काढा. काडीला ओल किंवा मातीचे कण चिकटले असतील तर थांबा. तिसरी खूण पानांची: अगदी खालचं पान दोन बोटांत हलकेच दाबायचं. टणक असेल तर तहान नाही. जरा मऊ, सुरकुतलेलं लागलं तर द्या. मऊ पण पारदर्शक आणि पिवळट असेल तर ती तहान नाही, कूज आहे. नवखे इथंच फसतात: झाड मलूल दिसतं म्हणून आणखी पाणी घालतात. खालची एक-दोन पानं कागदासारखी वाळणं मात्र नेहमीचं आहे. ती हळूच काढून टाका.

घालायचं तेव्हा पोटभर घाला, खालून वाहीपर्यंत, आणि ताटलीतलं पाणी ओतून टाका. चमचा-चमचा पाणी रोज, हा सर्वांत वाईट प्रकार. पाणी मातीवर, कमळाच्या मध्यावर नाही. मी सॉसची जुनी पिचकी बाटली वापरते, तिचं तोंड पानांखाली बरोबर जातं. मध्ये थेंब अडकलाच तर कागदाच्या टोकानं टिपून घ्या. स्प्रे बाटलीनं फवारा मारायचा नाही. तो करताना छान वाटतं, एवढंच.

आमच्या मातीच्या कुंड्यांत हिवाळ्यात हा फेरा साधारण आठ-दहा दिवसांचा पडतो, एप्रिल-मेमध्ये पाच-सहा दिवसांचा आणि तोही संध्याकाळी. हे आकडे पाठ करू नका. तुमची गॅलरी वेगळी.

मृग ते दसरा

सुरुवात खरं तर मृगाच्या आधी होते. एप्रिल-मेमधला वळीव आपल्याकडे वाऱ्यासकट आणि कधी गारांसकट येतो. एक गार पानावर पडली की भोक. ढग भरून आले की कुंड्या भिंतीकडे ओढा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या कुंड्या छपराखाली गेल्या पाहिजेत. गच्चीवर ठेवायच्या असतील तर वर पारदर्शक पत्रा, बाजू मोकळ्या. प्लॅस्टिकच्या कागदात चारी बाजूंनी गुंडाळू नका, आत वाफ कोंडते. आपल्याकडे पावसाची झड बहुतेक पश्चिमेकडून येते, तेव्हा त्या बाजूची गॅलरी या चार महिन्यांपुरती सोडून द्या. उजेड मात्र जेवढा मिळेल तेवढा द्या. पावसापासून वाचवायचं म्हणून घरात अंधाऱ्या कोपऱ्यात नेलं तर कुजण्याऐवजी लांबतं, एवढाच फरक. दोन कुंड्यांमध्ये चार बोटं अंतर ठेवा. सलग झड लागली की मी दुपारी तासभर टेबलफॅन त्यांच्याकडे वळवते. घरातले हसतात.

पाणी जवळजवळ बंद. मी जुलै-ऑगस्टमध्ये फक्त उघडीप पडली आणि खालची पानं मऊ लागली तरच, सकाळच्या वेळी, एरवीच्या निम्मं पाणी घालते. एखाद्या वर्षी सबंध जुलै पाणी न घालता जातो, झाड थोडं आक्रसतं आणि सप्टेंबरात पुन्हा फुगतं. पहिल्या झाडाच्या वेळी मी रोपवाटिकेतल्या माळ्याला विचारलं होतं, पावसाळ्यात पाणी किती? तो म्हणाला, "वैनी, न्हाई घातलं तरी चालतंय. रोज बघायला जाऊ नगा, बघितलं की घालावंसं वाटतंय." मी ऐकलं नाही. सासूबाईंच्या तांब्याचा प्रश्न मात्र वाद न घालता सोडवला: तुळशीशेजारी मोगऱ्याची कुंडी ठेवली.

गौरी-गणपतीत आरासीसाठी ही झाडं मागितली जातात. मखराशेजारी पाच दिवस बसली तर बिघडत नाही, फक्त हळदीकुंकू पानांवर पडू देऊ नका आणि पाहुण्यांना पाणी घालू देऊ नका.

ऑक्टोबरमध्ये एक शेवटची अडचण. चार महिने मंद उजेडात राहिलेलं झाड ऑक्टोबर हीटच्या कडक उन्हात एकदम काढलं तर एका दुपारी भाजतं. पुन्हा तेच, दहा-पंधरा दिवस हळूहळू.

कीड

पिठ्या ढेकूण. ऊसवाल्या घरात २००२ नंतरच्या लोकरी माव्याची आठवण असेल, हाही तसाच पांढरा कापूस, पण कीड वेगळी. पानांच्या बेचक्यात लपतो, रस शोषतो, चिकट गोड पाणी सोडतो, आणि त्या गोडासाठी मुंग्या येतात. कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली की आधी बेचक्या तपासा. काडीला कापूस गुंडाळून औषधाच्या दुकानातलं स्पिरिट लावा आणि प्रत्येक ढेकणाला टेकवा. संध्याकाळी करा, उन्हात पान भाजतं. आठवड्याच्या अंतरानं तीनदा, कारण अंडी एका वेळेत जात नाहीत. कडुनिंबाचं तेल चालतं, पण पानांवरचं मेण उतरतं आणि डाग राहतात. मी देखण्या झाडांवर ते वापरत नाही. वरून काही दिसत नाही आणि झाड वाढतच नाही, तर उपटून मुळं बघा, कधी ते तिथं बसलेले असतात.

लांबलेलं किंवा कुजायला लागलेलं झाड

दोन्हीला एकच उपाय: मुंडकं छाटणं. शिवणाचा मजबूत दोरा कमळाखाली दोन पानांच्या मधून देठाभोवती घ्या, टोकं एकमेकांवरून ओढा. देठ स्वच्छ कापला जातो, कात्री जिथं शिरत नाही तिथंही. कुजलेलं असेल तर कापलेला भाग बघा. मध्ये तपकिरी ठिपका दिसला की आणखी वर कापा, हिरवट-पांढरं लागेपर्यंत. मग ते मुंडकं रिकाम्या पेल्यावर आडवं न होता बसेल असं ठेवून द्या, सावलीत, पाच-सात दिवस. कापलेली जागा कडक झाली की कोरड्या खडीच्या मिश्रणावर टेकवायचं. दोन-तीन आठवड्यांत मुळं येतात. निरोगी खोड कुंडीत तसंच राहू द्या, त्याला बाजूनं पिल्लं फुटतात.

छाटताना निघालेली पानं टाकू नका. इथं पानफुटीपेक्षा एक फरक आहे. पानफुटीला पानाच्या कडेच्या खाचांतून पिल्लं येतात, एचेव्हेरियाला पान देठाला जिथं चिकटलेलं होतं त्या टोकातून. म्हणून ते टोक अखंड पाहिजे. पान धरून डावी-उजवीकडे हलवत सोडवा, अर्धं तुटलं तर ते बाद. ती पानं परातीत कोरड्या मिश्रणावर नुसती पसरा, पुरू नका. उजेडात ठेवा, उन्हात नाही. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा, जुलैत परातभर बुरशी मिळते. दोन ते चार आठवड्यांत गुलाबी धाग्यासारखी मुळं आणि मग तांदळाच्या दाण्याएवढं कमळ दिसतं. तेव्हापासून चार-पाच दिवसांनी मुळांजवळ थोडं पाणी. सगळी पानं फुटत नाहीत, माझी दहातली पाच-सहा फुटतात. जुनं पान पिल्लाला पाणी पुरवत पुरवत आक्रसत जातं. ते ओढून काढू नका, वाळून कागद झालं की आपोआप सुटतं.